डोळे मिटून भांडणारं घर

आमच्या घरात भांडणं डोळे मिटून व्हायची. मी काही अलंकारिक लिहितेय असं कुणाला वाटेल, तर तसं नाही, ही अगदी रोजची गोष्ट होती. संध्याकाळी गिरणीचा भोंगा व्हायचा, आप्पा घरी यायचे, हातपाय धुऊन त्यांचा चहा झाला की चटई पसरायची आणि कौटुंबिक उपासना सुरू. एक गीत, शास्त्रातला एक अध्याय आणि मग मोठ्यापासून धाकट्यापर्यंत प्रत्येकानं मोठ्यानं प्रार्थना. कुणाची प्रार्थना चालू असताना मध्ये तोंड उघडायचं नाही, हा नियम आमच्यात इतका कडक की साप निघाला तरी काठी आमेननंतरच. या नियमाचा उपयोग आईनं लग्न होऊन आल्या आल्या ओळखला असावा. समोरासमोर ती आप्पांना कधी उलट बोलत नसे, पण डोळे मिटले की तिला धीर येई. "प्रभू, स्वयंपाकघरावरचे पत्रे लई गळतात. ज्यांच्या हातानं ते बदलायचेत, त्यांना तेवढी आठवण दे." क्रमानं आप्पांचा नंबर आईच्या आधी, त्यामुळे उत्तर द्यायला त्यांना दुसऱ्या संध्याकाळपर्यंत थांबावं लागे. दिवसभर गिरणीत ते उत्तर घोळवत असणार. "प्रभू, पत्र्यांचे भाव तुला ठाऊक आहेत. आहे त्यात समाधान मानायला या घरातल्या बहिणींना शिकव." लगेच आईचा नंबर. "प्रभू, समाधान आमी मानतोच की. पण पातेल्यात थेंब पडायचे काय राहतात?" असे ते पत्रे आमच्या घरात कित्येक वर्षं देवाच्या कानावर घातले जात होते, आणि देवानं बहुधा दोन्ही बाजू ऐकून निकाल राखून ठेवला होता.

आम्ही दोघी बहिणी हेच बघून शिकलो. माझी रिबीन आक्कानं घेतली की मी तिच्यासाठी पश्चात्ताप मागायची, आणि क्षुल्लक रिबिनीसाठी देवाचा वेळ घेणाऱ्यांना क्षमा कर, असं आक्का लगेच सुचवायची. माझं नाव मार्था. आक्काचं नाव करुणा, पण तिला आक्काशिवाय मी कधी हाक मारलेली नाही. आप्पा कापडाच्या गिरणीत टाइमकीपर होते आणि चर्चमध्ये पंच. पहिल्या कामाचा पगार मिळे, दुसऱ्यात मान होता, म्हणून त्यांचा जीव दुसऱ्यात जास्त. आई प्राथमिक शाळेत मास्तरीण. तिचे वडील मंद्रूपकडचे, बाजाराच्या दिवशी झाडाखाली डफ वाजवून सुवार्ता सांगायचे. शास्त्र अर्धं वाचणाऱ्यापासून आणि अर्धं शिजलेल्या मटणापासून लांब राहावं, असं ते म्हणत. आईनं ही दोन्ही पथ्यं जन्मभर पाळली.

घरामागे तेलुगू विणकरांचे माग होते. त्यांची खटखट सकाळपासून रात्रीपर्यंत चालायची. आम्ही त्या आवाजातच जेवलो, अभ्यास केला, भांडलो. वीज गेली आणि माग थांबले की कानाला एकदम उघडं पडल्यासारखं व्हायचं, आणि सगळ्या गल्लीला सगळ्या गल्लीचं ऐकू यायचं.

मी शाळेत होते तेव्हाची गोष्ट. आक्का मास्तरणीच्या शिक्षणाला गेली होती ती खोकला घेऊन परत आली. सरकारी दवाखान्यात छातीचा फोटो काढला आणि डॉक्टरांनी टीबी सांगितला. आमच्या घरात मात्र तो शब्द पुन्हा कुणी उच्चारला नाही. गल्लीत आम्ही दमा सांगितला. शेजारच्या गौरम्मामावशींना सगळं कळलं होतं, पण त्यांनीही भलेपणानं "दम्याला लई जपावं लागतं बघ" म्हणत दूध पाठवलं. आधी इंजेक्शनं झाली, मग रोजच्या गोळ्या. डॉक्टरांनी आईला बजावलं होतं, बरं वाटायला लागेल तेव्हाच पोरी गोळ्या सोडतात, तेव्हाच सांभाळा. आई सांभाळत होती. जेवणाच्या ताटाच्या कडेला, शेंगांच्या चटणीशेजारी, आक्काची गोळी असायची. हळूहळू खोकला गेला, आक्काच्या गालावर मांस आलं, ती आरशासमोर जरा जास्त वेळ थांबायला लागली. कुर्डुवाडीहून रेल्वेच्या वर्कशॉपातल्या एका मुलाचं स्थळ आलं होतं. आप्पांनी त्या लोकांना दम्याचंसुद्धा सांगितलं नव्हतं. आप्पांना घाई झाली होती, आणि गोळ्यांचा बराच काळ अजून उरला होता.

नेमके तेव्हा ब्रदर एलियाझर सोलापुरात उतरले.

हा माणूस कुठला, कुठल्या मंडळीचा, त्याला कुणी धाडलं, हे आजतागायत कुणाला कळलेलं नाही. विचारलं तर ते डोळे वर करून "वरून" म्हणत. पांढरा सफारी, पांढरे बूट, केसाला इतकं तेल की त्यांनी टेकलेल्या भिंतीवर ओळखीची खूण राहायची. बरोबर एक भली मोठी सुटकेस, एक भोंग्याचा माइक आणि आशीर्वादाच्या तेलाच्या बाटल्यांची पेटी. आमचे पाळकसाहेब तेव्हा आजारपणानं गावी गेले होते. चर्च पंचांच्या हाती, म्हणजे आप्पांच्या हाती. आणि आप्पांना माइकवर कुणी "देवाचे थोर सेवक" म्हटलं की त्यांचं विरघळणं सुरू व्हायचं. ब्रदर एलियाझरांनी ते पहिल्याच दिवशी म्हटलं. त्याच दिवशी ब्रदरांची सुटकेस आमच्या घरी आली.

ब्रदर उपासाचे मोठे. सूर्य मावळेपर्यंत त्यांचा उपास असे, आणि त्या उपासाला केळी, दूध, भिजवलेले बदाम आणि अधूनमधून शेंगापोळी चालत असे, कारण ते त्यांच्या मते जेवण नव्हे. सूर्य मावळला की मात्र ते मोकळे होत. काळ्या मसाल्याचं मटण, कडक भाकरी, वर चटणी. भाकरी मोडताना ते डोळे मिटून "हालेलुया" म्हणत, आणि हालेलुया म्हणतानाच वाढप्याच्या हातातल्या पातेल्यात मटणाची नळी आहे का ते त्यांना दिसत असे. वाढपी मीच होते, म्हणून हे खात्रीनं सांगते.

पहिल्याच सभेत त्यांनी शलमोनकाकांचं बहिरेपण घालवलं. शलमोनकाका आमच्या मंडळीतले सगळ्यांत म्हातारे. गिरणीच्या मागाखात्यात आयुष्य गेलं आणि तिथंच कानही गेले. ब्रदरांनी त्यांच्या कानात तेल घातलं, डोक्यावर हात ठेवला आणि माइकवरून विचारलं, "काका, ऐकू येतं का?" समोरचा माणूस तोंडाकडे बघून काही विचारतोय म्हटल्यावर काका नेहमी करायचे तेच त्यांनी केलं. त्यांनी हसून मान हलवली. मंडळीत टाळ्यांचा कडकडाट झाला. काकांना वाटलं, आपल्याला काहीतरी बक्षीस मिळालंय. दुसऱ्या दिवशी त्यांची सून आईला म्हणाली, "बाई, बरं झाले म्हनत्यात. घरात मातर मला अजून वरडूनच बोलावं लागतंय."

गौरम्मामावशींनी कुंपणावरून ती तेलाची बाटली बघितली. त्या लिंगायत, सोमवार कडक पाळणाऱ्या. बाटलीचा वास घेऊन त्या आईला म्हणाल्या, "आमच्या मठापाशीबी आलता की असला एक. त्यो लिंबू द्यायचा. ह्यो तेल देतो व्हय? अय्यो, तेल तरी डोक्याला लावता येतंय."

मग ब्रदरांची नजर आक्कावर गेली. आप्पांनीच सांगितलं असणार. एका संध्याकाळी जेवणं व्हायच्या आधी त्यांनी आक्काला समोर बसवलं, डोक्याला तेल लावलं, मोठमोठ्यानं प्रार्थना केली आणि जाहीर केलं की आजार निघून गेला, जाताना आपण त्याला पाहिलं. आक्का रडायला लागली. तिला खरंच हलकं वाटत होतं. का वाटणार नाही? कितीतरी महिन्यांच्या गोळ्या तिच्या पोटात गेल्या होत्या, खोकला कधीच थांबला होता. शेत दुसऱ्यानं नांगरलं, पेरलं, राखलं, आणि ब्रदर आले ते थेट खळ्यावर. "आता गोळी घेणं म्हणजे देवाला खोटं ठरवणं," ते म्हणाले. "येत्या रविवारी भर मंडळीत साक्ष द्यायची, बेटी. नाव घेऊन सांगायचं, काय होतं आणि काय गेलं." त्या रात्री ताटाशेजारची गोळी आक्कानं बोटानं बाजूला सारली.

आईनं ती गोळी उचलून पुन्हा ताटात ठेवली. आक्का म्हणाली, "न्हाई आई. मी विश्वास ठेवलाय." तिच्या चेहऱ्यावर असा काही प्रकाश होता की आईचा हात तसाच राहिला. मला आजही तो चेहरा आठवला की ब्रदर एलियाझरांचा राग येतो. खोटं बोलणाऱ्याचा राग येतोच, पण हा माणूस आमच्या आक्काचा खरा विश्वास घेऊन त्यावर आपली खोटी पेटी भरत होता. तेल, टाळ्या, मटण हे सगळं मी हसण्यावारी नेऊ शकते. हे नाही.

आईनं आप्पांशी उघड्या डोळ्यांनी बोलून पाहिलं, हे तिच्यासाठी मोठंच पाऊल होतं. "डॉक्टरांनी काय सांगितलंय ठाऊक हाय न्हवं तुमाला? मध्येच सोडल्या तर ते दुखणं उलटतंय. मग त्याला औषध न्हाई." आप्पा म्हणाले, "पोरगी बरी झाली याचा तुला आनंद नाही का?" त्यांना ते खरं असायला हवं होतं. बरी झालेली मुलगी कुर्डुवाडीला देता येते, काही लपवावं लागत नाही. आत खाटेवर फलाहार करत बसलेल्या ब्रदरांनी हे ऐकलं असावं. संध्याकाळी उपासनेत त्यांनी डोळे मिटून सांगितलं, "या घरात एक अविश्वासू स्त्री मला दिसते आहे. तिच्या संशयामुळे आशीर्वाद दाराशी अडला आहे." मी एक डोळा उघडून आप्पांकडे पाहिलं. आप्पांनी मान खाली घातली, पण एक शब्द बोलले नाहीत. तरी आईनं त्या रात्री स्वतःच्या हातानं ब्रदरांच्या ताटात नळी वाढली.

वाढता वाढता तिनं विचारलं, अगदी शाळेतल्या साहेबाला विचारावं तसं, "भाऊ, मला एक सांगा. प्रभूनं त्या कुष्ठरोग्याला हात लावून बरं केलं. मग जा, याजकाला अंग दाखव, असं कशाला सांगितलं हो?"

"ते जुन्या नियमाचं होतं, भगिनी," ब्रदर म्हणाले.

"पर सांगितलं प्रभूनंच की."

"तो गहन विषय आहे." ब्रदरांनी नळी ताटावर आपटली. "रस्सा आहे का अजून?"

"हाय की," आई म्हणाली आणि तिनं रस्सा वाढला. तिचा चेहरा मला तेव्हा ओळखता आला नाही. वर्गात एखाद्या मुलाचं पाठांतर कुठं कच्चं आहे ते सापडलं की मास्तरणी अशाच दिसतात, हे मला मी स्वतः मास्तरीण झाल्यावर कळलं.

शनिवारी संध्याकाळी आमच्या अंगणात घरगुती सभा होती. दुसऱ्या दिवशी आक्काची साक्ष. एकदा ती भर मंडळीत उभी राहून बोलली असती तर पुन्हा गोळी तोंडात घालणं तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं असतं, हे आईला कळत होतं, मलाही कळत होतं. जे काही व्हायचं ते आजच व्हायला हवं होतं. सतरंज्या भरल्या होत्या. मी बाजाच्या पेटीवर होते. शलमोनकाका पुढच्या रांगेत, बरे झालेले म्हणून खास खुर्चीवर. ब्रदरांनी माइक लावून तासभर उपदेश केला, शेवटी आक्काला उभं करून "उद्या ही कन्या सिंहासारखी गर्जना करील" असं सांगितलं, आणि ज्याला आत्मा प्रेरणा देईल त्यानं प्रार्थना करावी म्हणाले. एवढ्यात वीज गेली. हे मी देवाच्या खात्यावर टाकायला तयार नाही, त्या काळात वीज रोजच जायची. पण माग थांबले, माइक मेला, आप्पांनी कंदील लावला, आणि त्या शांततेत आईचा आवाज आला. आई सभेत कधी प्रार्थना करत नसे.

"हे प्रभू," ती म्हणाली, "तुझे आभार. तू आमच्या घरी पाहुणा धाडलास, त्याला चार घास घालायची संधी दिलीस, त्याबद्दल आभार. तुझा सेवक सांगतो, तू माझ्या लेकीला बरं केलंस. तुझ्या हातात काय अवघड हाय? तू केलं असशील तर तुझी स्तुती असो." लोक "हालेलुया" म्हणाले. ब्रदरही म्हणाले. "पर प्रभू, तूच त्या कुष्ठरोग्याला सांगितलंस, कुणाला बोलू नको, आधी जा अन् दाखव. तू बरं केलेलं तू कधी झाकून ठेवलं न्हाईस. तपासणीला तू भ्यायला न्हाईस. आता आमच्या गावात याजक ते बघत न्हाईत, सरकारी दवाखान्यात छातीचा फोटो काढतात. तर सोमवारी सकाळी आमी लेकीला घेऊन दाखवायला जाणार हाय. तोवर तिच्या साक्षीला थांबव. अन् ज्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला त्या भाऊंनाबी आमच्यासंगं येण्याची कृपा दे. डॉक्टरांनी काय झालं विचारलं तर आमा अडाण्यांना काय सांगता येनार? भाऊ सांगतील."

ब्रदरांनी घसा खाकरला. पण आईनं अजून आमेन म्हटलेलं नव्हतं, आणि आमेन म्हटल्याशिवाय कुणाला बोलता येत नव्हतं. भर अंगणात माणसं डोळे मिटून बसली होती आणि हा माणूस तोंड उघडून बंद करत होता. दोघंच ते बघत होतो, एक मी आणि दुसरे शलमोनकाका. काकांना ऐकू येत नसल्यामुळे प्रार्थना कधी संपली ते कळावं म्हणून ते डोळे नेहमी उघडेच ठेवत.

"अन् तोवर गोळ्यांचं काय करावं तेबी तूच सांगितलंयस," आई पुढं म्हणाली. तिचा आवाज आता आक्काकडे वळल्यासारखा झाला. "शास्त्रातला तो राजा मरणाला टेकला तवा तू त्याला म्हनालास, मी तुला बरं करतो. वचन दिलंस. तरी संदेष्ट्यानं अंजिरं मागवली, त्याची ढेप गळवावर बांधली, मग राजा बरा झाला. अंजीर बांधलं म्हनून तुझं वचन खोटं पडलं न्हाई. अंजीरबी तुझंच हुतं. गोळीबी तुझीच हाय. हे माझ्या लेकीला कळू दे. तिचा विश्वास लई चांगला हाय, प्रभू. तो कुनाच्या हातानं वाया जाऊ देऊ नको. आमेन."

पहिलं आमेन मी म्हटलं, पेटीचा भाता सोडून, घसा फुटेल असं. माझ्यामागून सगळं अंगण म्हणालं. शलमोनकाकांनी काहीच ऐकलं नव्हतं, पण इतके ओठ एकदम हललेले पाहून त्यांनी सगळ्यांहून मोठं आमेन ठोकलं, आणि ब्रदरांचा स्वतःचाच चमत्कार त्यांच्यावर उलटला.

आता ब्रदरांपुढे वाट एकच होती. त्यांनीही डोळे मिटले. "हे स्वर्गीय पित्या, देवाची परीक्षा पाहू नये अशी तुझी आज्ञा आहे. या घरातल्या संशयाच्या आत्म्याला बांधून टाक! आमेन!" त्यांच्या आमेनला साथ तुरळक आली. आणि त्यांना हे कुठं ठाऊक होतं की आमच्या घरात अशा रीतीनं उत्तरं देण्याची आईला वीस-बावीस वर्षांची सवय होती. तिनं श्वाससुद्धा घेतला नाही.

"प्रभू, तुझी परीक्षा कोन घेतंय? परीक्षा आमची हाय, अन् भाऊंची. आमाला दोघांनाबी पास कर. आमेन."

या वेळी आमेनच्या आत कुठंतरी हसूही होतं. कंदिलाच्या उजेडात मला आप्पा दिसले. ते हसत नव्हते. ते आक्काकडे बघत होते.

रविवारी सकाळी ब्रदर एलियाझरांना मोडनिंबहून बोलावणं आलं. तार नाही, माणूस नाही, बोलावणं थेट वरून. तिथले आत्मे फार तळमळत होते आणि पहिल्या एसटीनंच निघणं भाग होतं, उपासनेपर्यंतसुद्धा थांबता येण्यासारखं नव्हतं. आईनं "सोमवारी दवाखाना हाय की भाऊ" एवढंच म्हटलं. ते म्हणाले, "माझी प्रार्थना तुमच्याबरोबर असेल." आईनं त्यांना वाटेत खायला धपाटे बांधून दिले, वर चटणीचा मोठा गोळा. शत्रू भुकेला असेल तर त्याला जेवू घाल, म्हणजे त्याच्या डोक्यावर निखाऱ्यांची रास होईल, असं शास्त्रात आहे. मी पुडा बांधताना चटणी चाखून पाहिली. निखाऱ्यांची व्यवस्था आईनं स्वतःच केली होती. सुटकेस आप्पांनी स्टँडपर्यंत वाहून नेली, आणि परत आले ते थेट उपासनेला गेले.

आज माझ्या मोबाइलवर रोज कुणी ना कुणी ब्रदर येतो. आता सफारी नाही, सूट आहे, मागे धूर सोडतात, आणि खाली लिहितात, विश्वास असेल तर आमेन टाइप करा. आमच्याच मंडळीतली शिकलेली माणसं टाइप करतात, मग मला पुढे पाठवतात. मी प्रत्येकाला एकच उत्तर देते, आधी दाखवून या. बऱ्याच जणांनी मला पाठवणं बंद केलंय. माझ्या रक्तदाबाला ते बरंच आहे.

सोमवारी आई, आक्का आणि मी दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी जुना आणि नवा फोटो उजेडासमोर शेजारी शेजारी धरले. जुन्यातला पांढरा डाग नव्यात बराच आकसला होता, पण होता. "छान चाललंय," ते म्हणाले, "गोळ्या चालू आहेत ना?" आईनं आक्काकडे पाहिलं. आक्का म्हणाली, "मध्ये थोडे दिवस राहिल्या." डॉक्टरांनी चष्म्यावरून तिच्याकडे असं पाहिलं की पुढे काही बोलायची त्यांना गरजच पडली नाही.

बाहेर लिंबाच्या झाडाखाली आक्का मटकन बसली. रडणं तिच्या नाकातोंडातून येत होतं. "म्हणजे देवानं मला बरं केलंच न्हाई. सगळं खोटं."

आई तिच्या शेजारी मातीत बसली. शाळेचं पातळ होतं, पण बसली. "करतोय की, बाळा," ती म्हणाली. "त्याचं चाललंय काम. तू मध्येच कशाला उठतीस?"

आक्का बराच वेळ रडली. मग तिनं आईच्या पदराला नाक पुसलं आणि आम्ही टांग्यानं घरी आलो. पुढं तिनं सगळ्या गोळ्या संपवल्या. कुर्डुवाडीच्या लोकांना आईनं स्वतः जाऊन दुखण्याचं खरं नाव सांगितलं. वडीलधारी मंडळी बिचकली, मुलगा म्हणाला, गोळ्या संपेपर्यंत मी थांबतो. तो थांबला. आमचे दाजी वारले त्याला आता काही वर्षं झाली. आक्का आहे, आणि फोनवर अजून मला उपदेश करते.

पण मला सांगायचंय ते त्या सोमवारच्या संध्याकाळचं. घरात आप्पांनी कधी कुणाची माफी मागितलेली मी पाहिली नव्हती. गिरणीत आणि मंडळीत ज्याला मान आहे त्यानं घरात मान खाली घालू नये, असं त्या वेळच्या पुरुषांचं शास्त्र होतं. फोटोत काय निघालं ते आईनं त्यांना दारातच सांगितलं होतं. त्यांनी ऐकून घेतलं, हातपाय धुतले आणि उपासनेआधीच म्हणाले, "आधी जेवून घेऊ." ताटं मांडली. भाकरी, पिठलं, चटणी, आणि आक्काच्या ताटाच्या कडेला गोळी. ती आज आप्पांनी आपल्या हातानं ठेवली. मग आम्ही जेवणाच्या प्रार्थनेसाठी डोळे मिटले. मी एकच डोळा.

"प्रभू," आप्पा म्हणाले, "या अन्नाबद्दल तुझे आभार." मग थांबले. "या गोळीबद्दलही."

आईनं आमेन म्हटलं नाही. आमच्यात घरातल्या बाईनं आमेन म्हटल्याशिवाय घास उचलत नसत.

आप्पांनी पुन्हा श्वास घेतला. "आणि प्रभू, या घरातल्या एका बाईला परक्या माणसानं अविश्वासू म्हटलं. तिचा नवरा समोर बसला होता. तो गप्प बसला. तिच्याइतका विश्वास त्याला नव्हता. त्याला क्षमा कर."

आईच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी आलं, गालावरून हनुवटीपर्यंत गेलं. पण ती तोंड मिटूनच होती. माग खटखटत होते. भाकरी निवत होती. आप्पांनी एक डोळा उघडून तिच्याकडे पाहिलं, मग वर छताकडे पाहिलं, आणि डोळा पुन्हा मिटला.

"आणि पत्रे," ते म्हणाले, "या महिन्यात बदलतो."

"आमेन," आई म्हणाली.

आक्कानं गोळी उचलली, जिभेवर ठेवली आणि आमच्या सगळ्यांकडे बघत पाणी प्यायली.